बटणांच्या भावावर ठरलेला प्रवेश

ज्याच्यापुढे एकच रस्ता असतो तो मुकाट चालू लागतो. ज्याच्यापुढे तीन असतात त्याला आधी शास्त्र लागते. माणसाची प्रगती झाली ती याच कारणाने, आणि ती अधूनमधून जागच्या जागी उभी राहते तीही याच कारणाने.

कपडे दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या एका बाईंच्या लेकीला एकाच आठवड्यात तीन ठिकाणी प्रवेश मिळाला. विषय संख्यात्मक वित्तशास्त्र, पदव्युत्तर. आईने हे नाव चार दिवस पाठ केले. पाचव्या दिवशी पँट कमी करायला आलेल्या एका गिऱ्हाइकासमोर ते घशात अडकले, तेव्हापासून ती सगळ्यांना "पैशाचं गणित" असेच सांगू लागली. गिऱ्हाइकेही मान डोलावू लागली. पैसा आणि गणित या दोन्ही गोष्टींपुढे मान डोलावलेली बरी, हे सर्वांना ठाऊक असते.

तीन ठिकाणांपैकी एक याच शहरात होते. दोन बसा बदलल्या की पोहोचता येई आणि जेवायला घरी येता येई. दुसरे समुद्रापलीकडे होते. तिथे आपली सकाळ असली की त्यांची रात्र असे, म्हणजे फोन करायचा तर दोघांपैकी एकाने झोप मोडायची. तिसरे या दोहोंच्या मध्ये, रेल्वेच्या एका रात्रीवर. घरात त्यांना अनुक्रमे जवळचं, लांबचं आणि मधलं म्हणत. खरी नावे लांबलचक होती आणि ती घेताना बाबांना ठसका लागे.

तिन्ही संस्थांची माहितीपत्रके अत्यंत प्रामाणिक होती. तिन्हींवर हिरवळीवर बसून लॅपटॉपकडे बघत हसणाऱ्या चार मुलांचे छायाचित्र होते. (मुलेही तीच होती, एकात फक्त उजवी-डावी बाजू बदलली होती.) तिन्ही संस्था पहिल्या क्रमांकाच्या होत्या, त्या अशा :

जवळचे – मनोऱ्यावर घड्याळ असलेल्या संस्थांमध्ये पहिले.

लांबचे – माजी विद्यार्थ्यांच्या समाधानात पहिले. (प्रश्नावली तिघांनी भरून पाठवली. त्यांतला एक आता तिथेच प्रश्नावल्या पाठवण्याच्या कामावर आहे.)

मधले – एका वर्षात सर्वांत जास्त पायऱ्या वर चढलेले. (आदल्या वर्षी ते यादीतच नव्हते.)

शिवाय तिन्ही ठिकाणच्या शंभरातल्या सत्त्याण्णव विद्यार्थ्यांना सहा महिन्यांत नोकरी लागत होती. नोकरी कशाला म्हणायचे हे तळटिपेत दिले होते, तळटीप संकेतस्थळावर होती आणि संकेतस्थळ दुरुस्तीसाठी बंद होते. होकार कळवण्याची मुदतही तिघांनी एकच ठेवली होती, शनिवारी संध्याकाळी पाच. कोणत्याही उमेदवाराला जास्तीचा विचार करण्याचा त्रास पडू नये, हा त्यामागचा हेतू.

होकार आले त्या संध्याकाळी आईने एक चूक केली. काजे करता करता तिने लेकीला सरळ विचारले, "तुला कुठं जावंसं वाटतंय गं?"

"वाटण्याला काय अर्थ आहे, आई?" लेक म्हणाली. "तुला काय वाटतं?"

"मला काय कळतंय त्यातलं! तुला बरं वाटेल ते."

"बघ. म्हणूनच असं विचारायचं नसतं. तोंडानं बोलायला काही लागत नाही, मग सगळे चांगलं चांगलं बोलतात. माणूस पणाला काय लावतो त्यावरून त्याच्या मनातलं कळतं."

आईच्या मनात होते की पोरीने इथेच राहावे. दोन बसा, संध्याकाळी दार वाजावे, चपला दारात पडाव्यात. पण हे बोलले तर लेकीच्या पायात बेडी घातल्यासारखे होईल, असे वाटून तिने दोरा दातांनी तोडला आणि वाक्यही तिथेच तोडले. अशा प्रकारे माहिती मिळवण्याची सर्वांत स्वस्त पद्धत त्या घरातून पहिल्याच दिवशी बाद झाली.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या फळीवर बिस्किटांचे तीन रिकामे डबे आले. प्रत्येकावर चिठ्ठी होती. लेकीने बाजार उघडला होता.

बाजाराचे सभासद चार. आई, बाबा, जे घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचत, मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, जी तिकीटखिडकीच्या आत बसून आयुष्यभर लोकांना नाही म्हणत आल्यामुळे चेहऱ्यावर काहीही दिसू न देण्यात तरबेज होती, आणि वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, जे कोटाचे अस्तर बदलायला आले होते आणि हातात बटणे पडल्यामुळे थांबले. चलन म्हणून बटणे ठरली, कारण दुकानात बटणांचे खण भरलेले होते. नियम लेकीने भिंतीवर लावले :

एक. प्रत्येक सभासदाला मूठभर बटणे मिळतील. कोटाचे एक बटण शर्टाच्या पाच बटणांबरोबर धरले जाईल. (हुकांना बाजारात मान्यता नाही.)

दोन. लेक जिथे जाईल असे वाटते त्या डब्यात बटण टाकावे. मत बदलल्यास काढून दुसरीकडे टाकावे.

तीन. ज्याचा अंदाज खरा ठरेल त्याला इतर डब्यांतली बटणे वाटून मिळतील.

चार. सभासदांनी आपल्या मनातले एकमेकांना सांगू नये. त्याने भाव बिघडतो.

"मिळालेल्या बटणांचं करायचं काय?" बाबांनी विचारले. हा प्रश्न बाजाराबाहेरच्या माणसाचा आहे, असे त्यांना समजावण्यात आले.

डॉक्टरांची शंका जरा खोल होती. "म्हणजे तू कुठं जाणार ते आम्ही ओळखायचं?"

"हो, काका."

"आणि तू जाणार कुठं ते कशावरून ठरवणार?"

"तुमच्या बटणांवरून."

डॉक्टरांनी क्षणभर छताकडे पाहिले, मग "वा!" म्हणाले आणि दोन बटणे लांबच्या डब्यात टाकून वर गेले. वर एक माणूस तोंड उघडून बसला होता.

बाबांनी तिन्ही डबे पाहिले. जवळच्यात काही होती, लांबच्यात काही होती, मधला रिकामा होता. त्यांनी त्यात शर्टाचे एक बटण टाकले.

"अहो, तिकडं कशाला? तिकडं कोण जातंय?" आई म्हणाली.

"रिकामा बरा नाही दिसत. वाईट वाटतं."

"कुणाला?"

"डब्याला," बाबा म्हणाले. उरलेली बटणे त्यांनी खिशात ठेवली आणि ती कोणाच्या तरी मीटरच्या पेटीजवळ पडून गेली. त्यानंतर त्यांनी बाजारात लक्ष घातले नाही.

बाजाराचा मोठा गुण असा, की जे तोंडाने मागायची लाज वाटते ते तिथे मुठीने मागता येते. आईने पहिल्या मुठीतली सगळी बटणे जवळच्या डब्यात टाकली असती, पण तिथे तिचा हात दिसला असता. म्हणून तिने मावशीला गाठले.

"ही घे. तुझ्या नावानं जवळच्यात टाक. मी दिली म्हणून सांगू नकोस."

"मुठीमागं एक बटण माझं," मावशी म्हणाली.

"अगं, सख्खी बहीण मी!"

"म्हणून एक. परक्याला दोन पडली असती, ताई."

जवळचा भाव चढला. लेक रोज संध्याकाळी डबे मोजी आणि भिंतीवरचा आलेख पुढे ओढी. जवळची रेघ वर निघालेली पाहून डॉक्टरांनीही आपली बटणे तिकडे वळवली. ("घरच्यांना आतली बातमी असते," असे ते म्हणाले. घरच्यांना आतली बातमी नव्हती, पण डॉक्टर आले म्हणजे असणार, असे घरच्यांनाही वाटू लागले.)

एवढ्यात लेक गप्प झाली. जेवणात लक्ष नाही, बोलायला गेले तर नुसते हूं. पोरीला लांब जायचे होते आणि आपण मुठी ओतून तिचे पंख कापले, असे तिने मनाशी धरले. खरे कारण अक्कलदाढ होते. ते डॉक्टरांना ठाऊक होते, पण रुग्णाविषयी बोलणे त्यांच्या व्यवसायात बसत नाही. त्यांनी गुपित राखले आणि लेक गप्प असल्यामुळे भाव कुठे वळेल याचा अंदाज घेऊन आपली बटणे तेवढी परत लांबच्यात नेली.

आईने त्याच दुपारी मन घट्ट केले. आता तिने उलटे ओतायला सुरुवात केली. मावशीच्या हातून लांबच्या डब्यात मुठीवर मुठी पडू लागल्या. प्रत्येक मुठीला तिच्या डोळ्यांपुढे एक रिकामी खुर्ची आणि अवेळी वाजणारा फोन येई. तरी तिने हात आखडला नाही.

पण एक चमत्कार दिसू लागला. लांबचा भाव वर गेला की दुसऱ्या दिवशी जवळच्या डब्यात पांढरी बारीक शर्टाची बटणे आलेली असत. आईने कोटाची घातली, की पांढरी दुप्पट. आईने तिप्पट केली, की पांढरी चौपट.

"हे कोण टाकतंय?" तिने मावशीला विचारले.

"खातेदाराचं नाव सांगता येत नाही."

"तूच टाकतेस! भाचीचं बरं झालेलं बघवत नाही तुला!"

"मी काही टाकत नाही आणि काही काढत नाही. मी फक्त नेऊन पोचवते."

मावशीने शब्द पाळला. तिच्या डाव्या पिशवीत एका खातेदाराची बटणे होती, उजव्या पिशवीत दुसऱ्याची. दोन्ही खातेदारांचा स्वयंपाक एकाच ओट्यावर होत होता आणि मावशीने तोंडातून एक वाक्य काढले असते तर बाजार त्याच क्षणी बंद पडला असता. ती बोलली नाही. असा सचोटीचा दलाल मिळाल्याशिवाय कोणताही बाजार एवढा वाढत नाही.

खण रिकामे झाले. आईने मग शिवायला आलेल्या कपड्यांना हात घातला. एका वकिलाने त्या आठवड्यात कोट डाव्या हाताने धरून उजव्या हाताने बाजू मांडली आणि खटला जिंकला. (न्यायाधीशांना वाटले, वकिलाच्या छातीत दुखते आहे.) एक शिक्षिका कोपरे पोटाशी घट्ट धरून वर्गात उभी राहिली आणि मुले कधी नव्हे ती शांत बसली. बँडवाल्याच्या गणवेशाची पितळी बटणे शुक्रवारी सकाळी लांबच्या डब्यात पडली, तेव्हा भिंतीवरची रेघ कागदाबाहेर गेली आणि लेकीला वर दुसरा कागद जोडावा लागला. बँडवाला गणवेश न्यायला आला. आईने त्याला बारा सेफ्टी पिना लावून दिल्या आणि सध्या हीच पद्धत आहे असे सांगितले. त्याने आरशात पाहिले आणि आणखी दोन मागून घेतल्या.

लेक त्या दिवसांत गळाबंद जाड स्वेटर घालून वावरत होती. उकडत असताना असे का, असे आईच्या मनात आले. पण पोरी आजकाल काय घालतील सांगता येत नाही, म्हणून ती बोलली नाही. न बोलण्याची आता घराला चांगली सवय झाली होती.

शनिवार उजाडला. दुपारी जवळचा आणि लांबचा डबा काठोकाठ भरले होते आणि मोजले तर दोन्ही अगदी सारखे. मुदतीला अर्धा तास होता. आई यंत्रावर बसली होती, पण खाली कापड नव्हते. डॉक्टर हातमोजे न काढताच खाली आले होते. मावशीने सुट्टी घेतली होती.

"बरोबरीत आहेत," लेक म्हणाली. तिने एकदा आईकडे पाहिले. आईने एकदा तिच्याकडे पाहिले. त्या घटकेला कोणीही काहीही विचारू शकले असते. पण नियम चार भिंतीवर होता.

"आता काय गं?" डॉक्टर म्हणाले. "नाणं उडवायचं?"

"काका, हे शास्त्र आहे," लेक म्हणाली आणि तिला शास्त्र आठवले. नुसता भाव बघणे हे अडाण्याचे काम. भाव किती चढला याबरोबर तो किती हेलकावे खाऊन चढला हेही बघायचे असते; ज्यात हेलकावे जास्त, त्यात धोका जास्त. म्हणून भावाला हेलकाव्यांनी भागायचे. जे उत्तर येईल ते त्या ठिकाणाचे खरे गुण.

जवळच्याने आठवडाभर इतके हेलकावे खाल्ले होते की गुण एकाच्याही खाली आले. लांबच्याचे तसेच. मग तिने मधला डबा घेतला. त्यात पहिल्या दिवशी एक बटण होते, दुसऱ्या दिवशी एक, आणि आजही एकच. हेलकावे शून्य. तिने एकाला शून्याने भागले.

उत्तर तिने पुन्हा एकदा तपासले.

"किती आले?" बाबांनी विचारले. ते नुकतेच कामावरून येऊन मोजे काढत होते.

"अनंत," लेक म्हणाली.

अनंत गुण त्या घराण्यात पूर्वी कोणालाही मिळाले नव्हते. बाबांना दहावीत गणितात पस्तीस होते आणि तेही सरांच्या कृपेने. लेकीने पाचाला पाच मिनिटे कमी असताना मधल्याला होकार कळवला. पाच वाजता उरलेल्या दोन जागा दुसऱ्या कोणाला तरी गेल्या. मधल्या डब्याचा सभासद एकच असल्यामुळे नियम तीनप्रमाणे दोन्ही डबे बाबांपुढे ओतण्यात आले. त्यांनी बँडवाल्याची बटणे ओळखली, पण बोलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात आई लेकीची बॅग भरायला बसली. कपाटातला पहिला शर्ट तिने घडी घालायला घेतला, तर त्याला बटणे नव्हती. दुसऱ्याला नव्हती. अकराच्या अकरा शर्टांची बटणे मुळापासून कापली होती, आणि बटणांच्या जागी पांढऱ्या दोऱ्यांची टोके तेवढी राहिली होती. आईने शर्ट मांडीवर घेतला.

"हे तू टाकत होतीस जवळच्यात?"

लेकीने मान डोलावली. "मला इथंच राहायचं होतं. मग लांबच्यात कोटाची बटणं दिसायला लागली. एवढी कोटाची बटणं तुझ्याशिवाय कुणाकडं असणार? म्हटलं, आई मला बाहेर काढायला निघालीय. म्हणून टाकत गेले."

"अगं, मला वाटलं तुला लांब जायचंय. तू गप्प गप्प होतीस."

"दाढ दुखत होती, आई."

दोघीही रडल्या आणि मग शर्टांकडे बघून त्यांना हसू आले. ते काही केल्या थांबेना. शेवटी आईने डोळे पुसले आणि म्हणाली, "मग सांग ना त्यांना, चुकून झालं म्हणून. एकदा विचारून तर बघ. जवळच्यात एखादी जागा असेल अजून."

"असेल," लेक म्हणाली. ती जरा घुटमळली. तिने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिले. "पण आई, अनंत गुण आलेत. अनंताच्या विरुद्ध कसं जायचं?"

आईने दोऱ्याचे रीळ उचलले. ती सुई ओवून बसली आणि अकरा शर्टांना बटणे लावून दिली. ती तिने बाबांकडून मागून घेतली होती. दुसऱ्या रात्री गाडी सुटली. खिडकीतून लेक हात हलवत होती आणि तिच्या शर्टावर वरपासून खालपर्यंत कोटाची बटणे होती.

बाबांचे मात्र नाव झाले. पहिल्याच दिवशी, कोणाचेही न ऐकता, त्यांनी अनंत गुणांचे ठिकाण ओळखले होते, ही बातमी मीटरच्या रस्त्याने घरोघरी गेली. आता रविवारी सकाळी दुकानासमोर पालकांची रांग लागते. तीन-तीन, चार-चार प्रवेश मिळालेली मुले बरोबर असतात. बाबा माहितीपत्रके घेतात, हिरवळीवरच्या मुलांना ओळख देतात, आणि ज्या पत्रकाकडे कोणी बघत नाही त्यावर एक बटण ठेवतात. त्यांचा अंदाज आजवर चुकलेला नाही, कारण बटण ठेवले की मूल तिथेच जाते. डॉक्टर खुर्च्या पुरवतात. मावशी रांगेचे क्रमांक वाटते आणि कोणाला कुठला मिळाला हे कोणाला सांगत नाही.

हे सगळे वाचून सुज्ञ वाचक हसले असतील. काय माणसे, एक साधा प्रश्न विचारायला यांना काय झाले होते, असेही म्हणाले असतील. बरोबरच आहे. तरी पोरीने कुठे जायला हवे होते, जवळ की लांब, हे तुम्ही मनाशी कधीच ठरवून टाकले आहे. तुमचे बटण पहिल्या पानावरच एका डब्यात पडले. तीन संस्था, त्यांचे क्रमांक, त्यांची हिरवळ, सगळे तुम्ही नीट वाचलेत. विषयाचे नाव सोडले तर त्या तीन ठिकाणी शिकवतात काय, हे मात्र इथे कुठेही लिहिलेले नाही. लिहायचे राहून गेले असे नाही. तुमच्यापैकी कोणी विचारते का, ते बघत होतो.